आधी नातं, मग शब्द

इंग्रजी वाक्यं एकमेकांना जोडणाऱ्या शब्दांबद्दल या वेळी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली काही इथे घेते आहे. अगदी सारखे प्रश्न होते तिथे एकच पत्र निवडलं आहे.

प्रश्न : ताई, मी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. क्लासमध्ये आमच्याकडून लिंकिंग वर्ड्सची लांबलचक यादी पाठ करून घेतली. निबंधात जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मी त्यातला एक शब्द घालते. तरी तपासणाऱ्यांनी समासात ‘मेकॅनिकल’ (यांत्रिक) असं लिहिलं आणि बँड, म्हणजे गुणांची पातळी, आहे तिथेच राहिला. एक तुकडा पाठवते : ‘मेनी पीपल वर्क फ्रॉम होम. मोअरओव्हर, दे सेव्ह टाइम. फर्दरमोअर, दे फील लोनली. हेन्स, कंपनीज शुड गिव्ह देम अ चॉइस.’ यात काय चुकलं?

उत्तर : तुमच्या चारही वाक्यांचं व्याकरण ठीक आहे. गडबड आहे ती सांध्यांत. एकेक सांधा तपासू या.

‘मोअरओव्हर’ वाचलं की वाचक समजतो, एक मुद्दा मांडून झाला, आता त्याच बाजूचा दुसरा आणि बहुधा जास्त वजनदार मुद्दा येणार. पण ‘पुष्कळ लोक घरून काम करतात’ हा मुळात मुद्दा नाहीच, ती नुसती परिस्थिती आहे. वेळ वाचतो हा तिचा परिणाम. मग या दोघांच्या मध्ये ‘शिवाय’ कुठून आलं? ‘फर्दरमोअर’ने तर पुरता घात केला. वेळ वाचणं हा फायदा आणि एकटेपणा हा तोटा. ‘फर्दरमोअर’ वाचून वाचक आणखी एका फायद्याच्या तयारीत असतो आणि समोर येतो तोटा. त्याला मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं. शेवटचं ‘हेन्स’ खरं तर योग्य आहे : फायदा आहे, तोटाही आहे, म्हणून निवड द्यावी. पण आधीचा विरोध शब्दांत दिसलाच नाही, त्यामुळे बिचारं ‘हेन्स’ लटकून राहिलं.

आता हेच असं लिहून बघा : ‘पीपल हू वर्क फ्रॉम होम सेव्ह द अवर्स दे वुड हॅव स्पेंट ट्रॅव्हलिंग, बट मेनी ऑफ देम फील लोनली. कंपनीज शुड देअरफोर गिव्ह देम अ चॉइस.’ यादीतले शब्द दोनच उरले, ‘बट’ आणि ‘देअरफोर’, आणि परिच्छेद मात्र घट्ट झाला. ‘हू’ने परिस्थिती आणि माणसं एका वाक्यात आणली, ‘देम’ने दुसरं अर्धं वाक्य पहिल्याला बांधलं. जोडण्याचं काम हे बारके शब्दसुद्धा करत असतात आणि पाठ केलेल्या यादीत त्यांना जागा नसते.

मायकेल हॅलिडे आणि रुकैया हसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1976 साली इंग्रजीतल्या या सांधेजोडीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी सांधण्याचे पाच प्रकार मांडले : सर्वनामांसारख्या शब्दांनी मागचा संदर्भ देणं, एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवणं, समजण्यासारखा शब्द गाळणं, उभयान्वयी शब्द वापरणं आणि तोच किंवा त्याच्या जवळचा शब्द पुन्हा आणणं. तुमची यादी म्हणजे या पाचांतला एक प्रकार. उरलेले चार तुम्हाला कुणी शिकवलेच नाहीत, ही मला खरोखर काळजीची गोष्ट वाटते.

परीक्षेचं म्हणाल, तर आयईएल्टीएसच्या लेखनाचे चार निकष असतात आणि चौघांना सारखं वजन असतं. ‘कोहिरन्स अँड कोहिजन’, म्हणजे सुसंगती आणि सांधेजोड, हा त्यांतला एक. त्याचं बँडवार वर्णन प्रसिद्ध आहे, ते एकदा शांतपणे वाचा. ‘मेकॅनिकल’ हा शब्द सहाव्या बँडच्या वर्णनातलाच आहे. आणि नवव्या बँडची अपेक्षा काय, तर जोडणी अशी असावी की तिच्याकडे अगदी क्वचितच लक्ष जावं.

लिहिताना एक करून बघा. दोन वाक्यांच्या मधे थांबायचं आणि तिथे मोठ्याने मराठी शब्द म्हणायचा : पण? म्हणून? कारण? म्हणजे? उदाहरणार्थ? जो बसेल, ते तुमचं नातं. त्याला साधा इंग्रजी शब्द शोधा. कुठलाच बसला नाही, तर ती दोन वाक्यं शेजारी असायलाच नकोत, आणि तिथे ‘मोअरओव्हर’ टाकून काही साधणार नाही. कधी कधी नातं इतकं उघड असतं की शब्द लागतच नाही. ‘द रोड वॉज फ्लडेड. वी टर्न्ड बॅक.’ इथे ‘देअरफोर’ घातलंत तर वाक्य उगाच जड होईल.

प्रश्न : मी ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलं, ‘ऑल्दो द टीम वर्क्ड लेट, बट द रिपोर्ट इज नॉट रेडी.’ साहेबांनी ‘बट’वर काट मारली. मला तर ते वाक्य ‘बट’शिवाय अर्धवट वाटतं.

उत्तर : तुम्हाला ते अर्धवट वाटतं याचं कारण तुमचा मराठी कान पक्का आहे. मराठीत ‘जरी’ आलं की आपण ‘तरी’ची वाट बघतो. ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जर–तर’, ‘जिथे–तिथे’, ‘जसं–तसं’ अशा जोड्यांवर आपली मिश्र वाक्यं उभी असतात. पहिला शब्द गाळला तरी एक वेळ चालतं, ‘टीम उशिरापर्यंत बसली, तरी अहवाल झाला नाही’ हे अस्सल मराठी आहे. पण ‘तरी’ गाळून बघा, वाक्य लंगडतं. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला खूण लागते. ‘ऑल्दो’ घातलं की विरोध सांगून झाला. ‘बट’ घातलं तरी सांगून झाला. दोन्हींतलं एक निवडायचं.

‘बिकॉज… सो’चं असंच. ‘बिकॉज द ट्रेन वॉज लेट, सो आय मिस्ड द मीटिंग’ हे वाक्य मी इतक्या वह्यांमध्ये तपासलं आहे की आता ते नजरेला आपोआप सापडतं. ‘सो’ काढा, वाक्य सरळ होईल. ‘व्हेन… देन’चंही तेच. ‘इफ… देन’ मात्र चालतं, तर्काचा मुद्दा ठासून सांगायचा असेल तर शोभतंही, रोजच्या लिहिण्यात सहसा गाळतात. ‘दो… येट’ ही जोडी जुन्या धाटणीच्या इंग्रजीत भेटेल, ती चूक नाही. पण तिच्या आधाराने ‘ऑल्दो… बट’ला परवानगी मिळत नाही.

विषय निघालाच आहे तर ‘डिस्पाइट’बद्दलही सांगते, कारण ‘ऑल्दो’च्या जागी ते घालून पुष्कळ जण फसतात. ‘ऑल्दो’नंतर कर्ता आणि क्रियापद असलेलं आख्खं वाक्य येतं : ‘ऑल्दो इट रेन्ड’. ‘डिस्पाइट’नंतर नाम येतं किंवा ‘आयएनजी’चं रूप : ‘डिस्पाइट द रेन’, ‘डिस्पाइट बीइंग टायर्ड’. मराठीतच याची किल्ली आहे. मनातलं वाक्य ‘जरी’ने सुरू होत असेल तर ‘ऑल्दो’ घ्या. ‘पाऊस असूनही’, ‘दमलेला असूनही’ असं ‘-ऊनही’ मनात आलं तर ‘डिस्पाइट’ घ्या. आणि ‘डिस्पाइट ऑफ’ कधीही लिहू नका, ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये असतं. ‘बिकॉज’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांच्यातही हाच भेद आहे : पहिल्यानंतर वाक्य, दुसऱ्यानंतर नाम.

प्रश्न : ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘बट’च ना? मग ‘द रिपोर्ट इज रेडी, हाउएव्हर द चार्ट्स आर मिसिंग’ यात चूक कशी? आणि ‘बट’ने वाक्य सुरू करू नये असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून मी ‘हाउएव्हर’च वापरतो.

उत्तर : अर्थ जवळचा, पण जात वेगळी. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे, दोन वाक्यं एका वाक्यात धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात आहे. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण. ते नातं दाखवतं, वाक्यं धरून ठेवत नाही. म्हणून त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो आणि नंतर स्वल्पविराम : ‘द रिपोर्ट इज रेडी. हाउएव्हर, द चार्ट्स आर मिसिंग.’ मराठीत ‘अहवाल तयार आहे, मात्र तक्ते नाहीत’ असं नुसत्या स्वल्पविरामावर बिनदिक्कत चालतं, म्हणून ही चूक आपल्या डोळ्यांना खटकत नाही.

ओळखायचं कसं? शब्द हलवून बघायचा. ‘द चार्ट्स, हाउएव्हर, आर मिसिंग’ असं म्हणता येतं, ‘द चार्ट्स आर मिसिंग, हाउएव्हर’ असंही. ‘बट’ला असं हलवून बघा, वाक्य लगेच मोडतं. ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’, ‘कॉन्सिक्वेंटली’ ही सगळी मंडळी ‘हाउएव्हर’च्या जातीची आहेत, त्यांना तोच विरामचिन्हांचा नियम लावा. पण ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइज’ यातलं ‘हाउएव्हर’ निराळं. तिथे त्याचा अर्थ ‘कितीही’ असा आहे आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम येत नाही.

‘अँड’ आणि ‘बट’ने वाक्य सुरू करायला काहीच हरकत नाही. 1611च्या किंग जेम्स बायबलचा पहिलाच अध्याय उघडून बघा, जवळजवळ प्रत्येक वचन ‘अँड’ने सुरू होतं. लहान मुलं प्रत्येक वाक्य ‘आणि मग’ने सुरू करतात, तो नाद सुटावा म्हणून शिक्षक बंदी घालतात. सवय मोडण्यापुरती ती ठीक आहे, मोठ्यांनी तिला व्याकरणाचा नियम समजू नये. विरोध छोटा आणि झटपट सांगायचा असेल तर ‘बट’ हा ‘हाउएव्हर’पेक्षा चांगला शब्द आहे. मी स्वतः पहिला विचार ‘बट’चाच करते.

प्रश्न : ‘ऑन द अदर हँड’ आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ एकच का?

उत्तर : नाही. पहिल्यात दोन्ही बाजू खऱ्या असतात : शहरात संधी जास्त, दुसरीकडे खर्चही जास्त. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ आधी सांगितलेलं खोडून काढतं : ‘द टेस्ट वॉज नॉट ईझी. ऑन द कॉन्ट्ररी, हाफ द क्लास फेल्ड.’ तिथे ‘छे, उलट’ असं म्हणता येतं का बघा. अशीच दुसरी फसवी जोडी म्हणजे ‘लास्टली’ आणि ‘अ‍ॅट लास्ट’. शेवटचा मुद्दा मांडताना ‘लास्टली’. ‘अ‍ॅट लास्ट’ म्हणजे ‘एकदाचं’, खूप वाट पाहिल्यावर. निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदावर ‘अ‍ॅट लास्ट’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही सुटकेचा श्वास टाकताय.

प्रश्न : मी मराठी लेखांचा इंग्रजी अनुवाद करते. मराठीतली ‘येऊन, बसून, वाचताना’ ही लांब साखळी इंग्रजीत आणताना एक तर ‘अँड देन, अँड देन’ होतं, नाही तर सगळीकडे ‘आयएनजी’. एका संपादकांनी माझं ‘रीडिंग द लेटर, द फोन रँग’ हे वाक्य चुकीचं ठरवलं.

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. ‘पत्र वाचताना फोन वाजला’ हे मराठी निर्दोष आहे, कारण ‘-ताना’ला वेगळा कर्ता चालतो. वाचणारी मी, वाजणारा फोन, कुणाचाही गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र सुरुवातीचं ‘रीडिंग’ पुढच्या वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटतं. तो कर्ता आहे फोन, म्हणजे पत्र फोनने वाचलं. कर्ता बदलत असेल तर ‘-ताना’साठी पूर्ण वाक्य घ्या : ‘व्हाइल आय वॉज रीडिंग द लेटर, द फोन रँग.’ ‘-ऊन’ला मराठीत बहुतेक वेळा कर्ता एकच असतो, म्हणून तिथे इंग्रजी ‘आयएनजी’ सहसा सुरक्षित असतं.

साखळीसाठी मात्र थोडा विचार करावा लागतो. ‘ती घरी येऊन, खुर्चीत बसून, पत्र उघडून रडायला लागली’ यात मुख्य घटना रडणं ही आहे, बाकीच्या क्रिया तिच्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या. मराठीत शेवटचं क्रियापद हे आपोआप दाखवतं. इंग्रजीत ‘शी केम होम अँड सॅट अँड ओपन्ड अँड क्राइड’ असं केलंत की चौघी सारख्याच उंचीच्या होतात. त्याऐवजी ‘अ‍ॅट होम शी सॅट डाउन अँड ओपन्ड द लेटर. देन शी बिगॅन टू क्राय.’ घरी येण्याला क्रियापदच लागलं नाही, ते ‘अ‍ॅट होम’मध्ये मावलं. आणि रडण्याला स्वतःचं वाक्य मिळालं. ‘देन’ एकदाच आलं, तेही जिथे काही बदललं तिथेच.

तुमच्या अनुवादातलं एखादं पान, मूळ मराठीसह, पाठवलंत तर पुढच्या अंकात ओळीने घेऊ.