सर्वोच्च न्यायालयानंतर कुठे? : मानवी हक्कांविषयी वाचकांचे प्रश्न

मानवी हक्कांच्या कायदेशीर संरक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून व्यक्तिगत तपशील वगळले आहेत.

प्रश्न : देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हरलेल्या माणसाला हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात अपील करता येते, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. हे खरे आहे का? नसेल, तर आंतरराष्ट्रीय कायद्याचा सामान्य माणसाला उपयोग तरी काय?

उत्तर : हे खरे नाही, आणि हा समज इतका पसरलेला आहे की तो आधी दूर केलेला बरा. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त राष्ट्रेच एकमेकांविरुद्ध दावा लावू शकतात. व्यक्तीला तिथे पक्षकार होता येत नाही. त्याच शहरातले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा यांसाठी व्यक्तींवर खटले चालवते. आपल्या सरकारविरुद्ध दाद मागण्याची सोय तिथेही नाही. मानवी हक्कांच्या तक्रारी वेगळ्याच संस्थांकडे जातात आणि त्या संस्थाही देशातला निकाल फिरवत नाहीत किंवा साक्षीपुरावा पहिल्यापासून तोलत बसत नाहीत. संबंधित राज्याने (इथे ‘राज्य’ म्हणजे देश) स्वतःहून पत्करलेली बांधिलकी पाळली की मोडली, एवढेच त्या पाहतात. म्हणून ‘सर्वांत वरचे न्यायालय कोणते’ असे विचारण्याआधी ‘या राज्याने नेमके काय मान्य केले आहे’ हे तपासावे लागते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा ४८ मतांनी संमत केला. एकही मत विरोधात पडले नाही, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. हा जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. त्यातल्या हक्कांना कराराचे बंधनकारक रूप १९६६ मध्ये मिळाले : एक करार नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. दोन्ही १९७६ मध्ये अमलात आले. पहिल्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीत १८ तज्ज्ञ असतात. पण व्यक्तीची तक्रार ऐकण्याचा अधिकार या समितीला मूळ करारातून नव्हे, तर एका स्वतंत्र ऐच्छिक पुरवणी करारातून मिळतो. अमेरिका आणि भारत यांनी मूळ करार स्वीकारला आहे, पुरवणी करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे या देशांविरुद्ध कोणालाही समितीकडे वैयक्तिक तक्रार नेता येत नाही. पुष्कळ याचिका या एका गोष्टीवरच अडतात.

जिथे राज्याने दार उघडलेले असते तिथे काय घडू शकते, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. टास्मानिया या घटकराज्याच्या दंडसंहितेत दोन प्रौढ पुरुषांमधील संमतीचे खासगी लैंगिक संबंध हा गुन्हा होता. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत पुरवणी करार २५ डिसेंबर १९९१ रोजी लागू झाला आणि त्याच तारखेची तक्रार समितीकडे दाखल झाली. देशात दाद मागण्याचा परिणामकारक मार्ग नाही, हे संघराज्य सरकारने मान्यच केले होते. या कलमांमुळे खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो, असे मत समितीने १९९४ मध्ये दिले. टास्मानियाचे सरकार बधले नाही. तेव्हा संघराज्याच्या संसदेने परराष्ट्र व्यवहारांविषयीच्या आपल्या घटनात्मक अधिकाराचा आधार घेऊन त्याच वर्षी खासगीपणाला संरक्षण देणारा कायदा केला. पुढे त्या कायद्याच्या बळावर उच्च न्यायालयात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पीठापुढे, दावा उभा राहिला आणि १९९७ मध्ये टास्मानियाने ती कलमे रद्द केली. समितीचे मत कोणावर सक्तीने लादता येणारे नव्हते. तरीही त्या मताने देशातल्या संसदेला कारण दिले, न्यायालयाला कायदा दिला आणि घटकराज्याची पळवाट बुजवली.

प्रश्न : एका संघटनेसाठी मी कागदपत्रे तयार करते. ‘देशांतर्गत सर्व उपाय संपवले पाहिजेत’ ही अट व्यवहारात कशी पाळायची? प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळत असेल, तरी थांबायचे का?

उत्तर : आपल्या प्रश्नातच या क्षेत्रातले खरे काम आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेकडे जाण्याआधी देशातले दाद मागण्याचे मार्ग संपवावेत, या नियमामागचा विचार सरळ आहे : चूक दुरुस्त करण्याची पहिली संधी त्या राज्याला मिळाली पाहिजे. म्हणून उपलब्ध असलेल्या शेवटच्या न्यायालयापर्यंत जाणे आवश्यक असते, आणि केवळ जाणे पुरेसे नसते. आंतरराष्ट्रीय संस्थेपुढे जो हक्कभंग मांडायचा आहे, तो मुद्दा, निदान आशयाने, देशातल्या न्यायालयापुढेही मांडलेला असावा लागतो. खालच्या न्यायालयात केवळ सेवानियमांवर वाद घालायचा आणि पुढे जाऊन अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा प्रथमच काढायचा, असे चालत नाही. दुर्दैवाने बहुतेकांना आंतरराष्ट्रीय कायदा आठवतो तो सगळे हरल्यावर. तोवर मूळ अर्जातली उणीव भरून काढण्याची वेळ निघून गेलेली असते. पहिला अर्ज लिहितानाच कराराचे कलम त्यात नोंदवावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

या अटीला अपवादही आहेत. उपाय केवळ कागदोपत्री असेल, त्यातून काही निष्पन्न होण्याची शक्यताच नसेल किंवा त्याला अवाजवी विलंब लागत असेल, तर तो संपवण्याची सक्ती नसते. होंडुरासमध्ये १९८१ साली बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, व्हेलास्केस रॉड्रिगेस खटल्यात, अमेरिका खंडातील देशांच्या आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने हा मुद्दा १९८८ मध्ये फार नेमकेपणाने उलगडला. बेपत्ता माणसासाठी हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडीतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश मागणे, हा एरवी योग्य उपाय. पण अर्ज करण्यासाठी कोठडीची जागा आणि अटक करणारा अधिकारी यांची माहिती द्यावी लागत असेल, तर जिथे सरकार अटकच नाकारते तिथे हा उपाय निरुपयोगी ठरतो. उपाय अस्तित्वात आहे असे म्हणणाऱ्या राज्यानेच तो परिणामकारक असल्याचे दाखवून द्यावे, असेही त्या न्यायालयाने सांगितले.

मुदतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात अंतिम देशांतर्गत निर्णयापासून पूर्वी सहा महिने मिळत, २०२२ पासून चारच महिने मिळतात. अर्ज ठरलेल्या नमुन्यातच करावा लागतो, आणि तो अपुरा भरला तर परत येतो. दरम्यान मुदत थांबत नाही. आंतरअमेरिकी आयोगाकडे सहा महिन्यांची मुदत आहे, तर आफ्रिकी देशांच्या मानवी हक्क सनदेत ‘वाजवी काळात’ एवढेच म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीपुढे, देशातले उपाय संपल्यावर पाच वर्षांहून अधिक उशीर झाला, तर तक्रारीच्या अधिकाराचा गैरवापर झाल्याचे मानले जाऊ शकते.

प्रश्न : राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली, तर देशांतर्गत उपाय संपला असे धरले जाते का?

उत्तर : सहसा नाही. आमसभेने १९९३ मध्ये स्वीकारलेल्या पॅरिस तत्त्वांच्या, म्हणजे असे आयोग कसे असावेत हे सांगणाऱ्या तत्त्वांच्या, धर्तीवर अनेक देशांत असे आयोग आहेत. तपास करणे, तुरुंगांना भेटी देणे, कायद्यांवर मत देणे ही त्यांची कामे मोलाची आहेत. परंतु त्यांचा निर्णय बहुतेक ठिकाणी शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. त्यामुळे आयोगाकडील तक्रार न्यायालयीन उपायाची जागा घेत नाही आणि, हे विशेष लक्षात ठेवावे, तिच्यामुळे वर सांगितलेली मुदत बहुधा लांबत नाही. आयोगाच्या उत्तराची वाट पाहत बसलेल्या अर्जदाराची मुदत टळून जाण्याचा धोका असतो. आयोगाचा चौकशी अहवाल हाती आला, तर पुरावा म्हणून मात्र तो अवश्य जोडावा.

प्रश्न : जागतिक करार असताना प्रादेशिक न्यायालयांची गरज काय? आणि आशियात असे न्यायालय का नाही?

उत्तर : प्रादेशिक व्यवस्थेचा मुख्य फायदा असा की तिथे बंधनकारक निकाल देणारे न्यायालय असते, संयुक्त राष्ट्रसंघाच्या समित्या केवळ मत देतात. युरोपीय करारावर १९५० मध्ये रोम येथे सह्या झाल्या, न्यायालय १९५९ मध्ये स्थापन झाले, आणि १९९८ पासून कोणतीही व्यक्ती थेट तिथे जाऊ शकते. अमेरिका खंडात आधी वॉशिंग्टन येथील आयोगाकडे जावे लागते. कोस्टा रिकामधील सान होसे येथील न्यायालयापर्यंत प्रकरण नेण्याचा अधिकार आयोगाला किंवा संबंधित राज्याला आहे, पीडिताला नाही.

आफ्रिकेची सनद १९८१ ची. समूहांचे, लोकसमुदायांचे हक्क तिने मोकळेपणाने मान्य केले, हे तिचे वैशिष्ट्य. केनियाच्या माऊ जंगलातून ओगिएक समाजाला हुसकावून लावण्याच्या प्रकरणात आरुशा येथील आफ्रिकी न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला निकाल याच पायावर उभा आहे. पण याच न्यायालयाची एक बाजू चिंताजनक आहे. व्यक्तींनी थेट दावा करायचा, तर राज्याने तशी वेगळी घोषणा केलेली असावी लागते. रवांडाने २०१६ मध्ये, टांझानियाने २०१९ मध्ये आणि बेनिन व कोत दिव्वार यांनी २०२० मध्ये ती मागे घेतली. ज्या देशात न्यायालयाची इमारत आहे, त्याच टांझानियाने आपल्या नागरिकांसाठी हे दार लावून घ्यावे, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

आशियात संपूर्ण खंडासाठी करारही नाही आणि न्यायालयही नाही. आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा आयोग २००९ मध्ये स्थापन झाला आणि २०१२ मध्ये तिने जाहीरनामाही काढला, परंतु व्यक्तीच्या तक्रारीवर न्यायनिवाडा करण्याचा अधिकार त्या आयोगाला नाही. दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप नको, ही सरकारांची जुनी भूमिका हे याचे मोठे कारण. संस्कृती वेगळी असल्याचे सांगितले जाते ते मला पटत नाही. संस्कृतींची विविधता आफ्रिकेत काही कमी नाही.

प्रश्न : निकाल न पाळणाऱ्या सरकारचे कोणी काय करू शकते? पोलीस नसलेला कायदा म्हणजे निव्वळ सुभाषितेच नव्हेत का?

उत्तर : शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. पेरूची राजधानी लिमा येथील बारियोस आल्तोस भागात १९९१ मध्ये लष्करी पथकाने १५ जणांना ठार मारले. पुढे १९९५ मध्ये माफीचा कायदा करून तपासच बंद करण्यात आला. असे माफीचे कायदे अमेरिका खंडातील मानवी हक्क कराराशी विसंगत असून त्यांना कायदेशीर परिणाम नाही, असे आंतरअमेरिकी न्यायालयाने २००१ मध्ये ठरवले. पेरूत खटले पुन्हा उघडले गेले आणि माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांना या आणि इतर गुन्ह्यांसाठी २००९ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा सुनावली ती पेरूच्या न्यायाधीशांनी. पण गोष्ट इथेच संपत नाही : सुटका करू नये असे आंतरअमेरिकी न्यायालयाने सांगितलेले असतानाही डिसेंबर २०२३ मध्ये पेरूने त्यांना सोडले. त्याच निकालाचे बळ आणि त्याच निकालाची हतबलता, दोन्ही एकाच प्रकरणात दिसतात.

लोकशाहीचा दीर्घ वारसा असलेले देशही निकाल सहज मानतातच असे नाही. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना सरसकट मतदानबंदी करणे करारात बसत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध २००५ मध्ये दिला. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २०११ मध्ये २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदी कायम ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. निकालांच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारी, सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती मात्र हे प्रकरण वर्षानुवर्षे विषयपत्रिकेवर ठेवत राहिली, आणि अखेर काही थोड्या कैद्यांपुरता मार्ग मोकळा करणाऱ्या प्रशासकीय तोडग्यावर २०१८ मध्ये ते बंद झाले. हा तोडगा तोकडा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय आंतरराष्ट्रीय कायद्याचा बराचसा परिणाम देशातल्याच न्यायालयांतून होतो आणि त्याची बातमी होत नाही. भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नसताना सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसदेचा कायदा २०१३ मध्ये आला. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेने तर हक्कांचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेणे न्यायालयांवर बंधनकारकच केले आहे. अशा वेळी पोलीस आपलेच असतात.

प्रश्न : आणीबाणीत सरकार सगळे हक्क स्थगित करू शकते का?

उत्तर : सगळे नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या चौथ्या कलमानुसार राष्ट्राच्या अस्तित्वाला धोका असेल आणि आणीबाणी अधिकृतपणे जाहीर झाली असेल, तर परिस्थितीला आवश्यक तेवढ्याच मर्यादेत काही हक्क स्थगित करता येतात. मात्र जगण्याचा हक्क, छळापासून व गुलामीपासून संरक्षण, पूर्वलक्षी शिक्षेला मनाई, विचार, विवेक व धर्माचे स्वातंत्र्य यांसारखे हक्क अशा काळातही स्थगित होत नाहीत. कोणती कलमे आणि कोणत्या कारणाने स्थगित केली, हे राज्याला संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांमार्फत इतर राष्ट्रांना कळवावे लागते. ही सूचना सार्वजनिक असते आणि तक्रारदाराच्या वकिलाने ती शब्दन् शब्द वाचावी. युरोपीय करारातही अशीच तरतूद आहे. साकिक विरुद्ध तुर्कस्तान या प्रकरणात सरकारने आग्नेयेकडील आणीबाणीच्या प्रांतांपुरती सूचना दिलेली होती, अर्जदारांना मात्र अंकारात कोठडीत ठेवले होते. अंकारा त्या यादीत नसल्यामुळे सरकारला स्थगितीचा आधार घेता येणार नाही, असे न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवले आणि प्रकरण नेहमीच्या नियमांनी तपासले.