थेंब थेंब गळतंय, पण मोकळं होत नाही

"मॅडम, काल मी चिंगीवर हात उचलला." कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या त्या बाई खुर्चीत टेकल्या आणि पहिलं वाक्य हेच बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून नाव-तपशील बदलले आहेत.)

चिंगी त्यांची 6 वर्षांची डॅशहुंड जातीची कुत्री. लांब पाठ, आखूड पाय. या जातीत मणक्यातली चकती सरकण्याचं दुखणं फार. मागचे पाय लुळे पडले म्हणून पाठीचं ऑपरेशन झालं. 3 आठवड्यांत ती लटपटत उभी राहायला लागली, पण लघवीचं काही सुधारेना. उचललं की गळायची, झोपेत गादी भिजायची. सासूबाई म्हणायच्या, "लाडावलीया, मुद्दाम करतीया." बाईंनी तर संध्याकाळनंतर पाणीच बंद केलं होतं. त्या रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना त्यांचा तोल गेला.

बाई रडत होत्या, तरी मी आधी विचारलं, "एकदम भरपूर लघवी करते का कधी?"

"नाही हो. थेंब थेंबच."

मी पशुवैद्य नाही, समुपदेशक आहे. माझ्याकडे येतात ती माणसं. पण आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांचं ऐकता ऐकता कळलंय, की गळणं म्हणजे मोकळं होणं नव्हे. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. मूत्राशय टम्म भरलेलं होतं. सुईनं थेट मूत्राशयातून लघवी घेऊन कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं, त्यात जंतुसंसर्ग निघाला.

मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा निरोप मूत्राशयापर्यंत नीट पोचत नाही. ते भरत राहतं आणि मावेनासं झालं की तेवढंच बाहेर सांडतं. मागं साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. खालच्या अंगाची जाणीव कमी झालेली असली तर कुत्रं कळवळतही नाही. उग्र वास, गढूळपणा, रक्त, यांवरच नजर ठेवावी लागते. पाणी तोडून यातलं काहीच बरं होत नाही.

अँटिबायोटिक सुरू झालं. पोटावर हात ठेवून मूत्राशय कसं रिकामं करायचं, हे डॉक्टरांनी बाईंकडून समोर करवून घेतलं. हे व्हिडिओ बघून करू नका. वेडंवाकडं दाबलं तर इजा होते. आणि लघवी अजिबातच होत नसेल, पोट कडक लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

माझं काम त्यानंतरचं. दिवसातून 4 वेळा हे करायचं, वर मांड्या कोमट पाण्यानं पुसून कोरड्या ठेवायच्या, नाहीतर कातडी सोलवटते. एकट्या बाईनं हे किती दिवस रेटायचं? पुढच्या भेटीला मी यजमानांनाही बोलावलं. रात्री 11 ची पाळी त्यांनी घेतली.

"मी मारलेलं तिच्या लक्षात असेल का?" बाईंनी जाताना विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या आहे. रात्री झोप मिळाली की पुन्हा या, त्यावर बोलू."

त्या आल्या, 8 दिवसांनी. गादी अजून अधूनमधून भिजत होती.