परत वदवून घे

प्रिय मित्रा,

कारखान्यातल्या परभाषेतल्या कामगारांना तीनदा सांगितलं, सगळ्यांनी मान डोलावली, तरी अख्खा लॉट रिजेक्ट झाला, असं लिहिलंस आणि खापर स्वतःच्या तोडक्यामोडक्या भाषेवर फोडलंस. आता क्लास लावू का म्हणतोस. लाव. पण लॉट त्याने वाचणार नाही. डोलावलेली मान तू उत्तर समजलास, चूक तिथे आहे. परभाषेतला माणूस कळलं नाही तरी मान हलवतो, पुन्हा विचारायची लाज वाटते त्याला. "समजलं का?" हे विचारणंच सोड. "आता काय करणार आहेस, सांग बघू," म्हण आणि त्याच्या तोंडून परत वदवून घे.

मला हे उशिरा कळलं. प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, डाय (साचा) बदलत होतो. बटणापाशी नवा हेल्पर, भाषा वेगळी. मी ओरडलो, "चालू करू नको!" नेमकी तेव्हाच यंत्राच्या हवेच्या नळीतून हवा फुस्सकन सुटली. आपला नकार वाक्याच्या शेपटाला असतो. शेपूट आवाजात गेलं, "चालू कर" तेवढं पोचलं. माझा हात वेळेत बाहेर निघाला, पण समोरच्या सोबत्याची दोन बोटं गेली. चौकशीत मी एकच धरून बसलो: मी सांगितलं होतं. होतंच सांगितलं, घसा ताणून! मेन स्विचला कुलूप लावायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती, तो दोष माझ्या एकट्याचा नाही. पण वदवून घेतलं नव्हतं, हा माझाच.

27 मार्च 1977 ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, 583 माणसं गेली. दाट धुकं होतं, पण बोलण्यातही घोळ झाला. 'टेक-ऑफ'ला (उड्डाणाला) आहोत, असं एका वैमानिकाकडून आलं. विमान धावू लागलं होतं, नियंत्रण टॉवरला वाटलं, उभेच आहेत. पुढचे दोन संदेश एकाच वेळी निघाले आणि रेडिओत शिट्टीच ऐकू आली. इंग्रजी सगळ्यांना येत होतं, बरं का. आता 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरतात, आणि वैमानिक ती परवानगी परत म्हणून दाखवतो.

तूही "थांब" आधी म्हण, बाकीचं मागून. आकडे सुटे सांग: एकोणसाठ-एकोणसत्तर गोंगाटात सारखेच, "पाच, नऊ" म्हण. आणि वदवून घे. वेळ जातो म्हणू नकोस, लॉट पुन्हा करायला किती गेला?

उत्तरात "समजलं" एवढंच लिहू नकोस. उद्या पाळीला पहिल्या माणसाला काय विचारणार आहेस, ते लिही.