भट्टी उघडल्यावर : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात दोषाचे खापर ग्लेझवर, म्हणजे मातीच्या भांड्यांवरील काचेसारख्या लेपावर, फोडलेले आहे. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत, आणि त्यांपैकी निदान दोन ठिकाणी तरी ग्लेझ निर्दोष असावे असे मला वाटते.

प्रश्न : पारदर्शक ग्लेझ दिलेले आमचे मग भट्टीतून निघतात तेव्हा अगदी स्वच्छ असतात. दोन दिवसांनी मात्र फळीवर ठेवलेल्या मगांतून ‘टिंग, टिंग’ असा बारीक आवाज येऊ लागतो आणि अंगावर केसासारख्या भेगांची जाळी उमटते. भट्टी घाईने उघडल्यामुळे असे होत असेल का?

उत्तर : घाईने भट्टी उघडल्यास जाळी लवकर दिसते इतकेच; ती पडण्याचे मूळ कारण निराळे असते. वितळलेले ग्लेझ घट्ट झाल्यानंतर ते आणि त्याखालची माती एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेतच थंड होत जातात. ग्लेझला मातीपेक्षा अधिक आकसायचे असेल, तर माती त्याला आकसू देत नाही आणि ते ताणले जाते. ग्लेझ ही शेवटी काचच आहे. काच दाब पुष्कळ सोसते, ताण फारसा सोसत नाही. आपल्याला ऐकू आलेला आवाज हा तो ताण मोकळा होण्याचा आवाज आहे, आणि अशा ग्लेझला आपण भट्टीत चोवीस तास अधिक ठेवले असते, तरी त्याने आज ना उद्या हेच केले असते.

सोडियम आणि पोटॅशियम असलेल्या ग्लेझचे प्रसरण-आकुंचन जास्त असते, तर सिलिका, बोरॉन आणि मॅग्नेशियम ते कमी करतात. म्हणून सर्वांत सोपा उपाय असा, की कोरड्या ग्लेझच्या दर 100 ग्रॅमला 5, 10 आणि 15 ग्रॅम सिलिका मिसळून तीन चाचणी-टाइल कराव्यात आणि मूळ ग्लेझच्या चौथ्या टाइलसह त्या एकाच भट्टीत भाजाव्यात. सिलिकाची पूड हाताळताना योग्य मास्क बांधावा. भाजून झाल्यावर टाइल काही वेळ उकळत्या पाण्यात आणि नंतर बर्फाच्या पाण्यात, अशा चार-पाच वेळा बुडवाव्यात, म्हणजे आठवड्यांनी दिसणारी जाळी बहुधा त्याच दिवशी दिसेल. सिलिका वाढवताना ग्लेझ निस्तेज किंवा खरखरीत होऊ लागले, तर तेथेच थांबावे. हा उपाय अतिरेकाला नेल्यास उलटा दोष उद्भवतो : ग्लेझवर इतका दाब येतो की मगाच्या काठावरून आणि कानाच्या कडेवरून त्याचे धारदार कपचे सुटतात. पिण्याच्या भांड्यावर मला जाळी एक वेळ चालेल, कपचे मुळीच चालणार नाहीत.

मात्र रेसिपीला हात लावण्यापूर्वी माती तपासावी. पूर्ण न भाजलेली माती हवेतील ओलावा शोषून किंचित फुगते आणि वरच्या ग्लेझला ताण देते. ही जाळी कित्येकदा महिन्यांनी उमटते. ग्लेझ न दिलेला, त्याच भट्टीत भाजलेला मातीचा तुकडा कोरडा असताना तोलावा, दोन तास पाण्यात उकळावा, त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा, वरवर पुसून पुन्हा तोलावा. 200 ग्रॅमचा तुकडा 214 ग्रॅम भरला, तर शोषण 7 टक्के झाले. स्टोनवेअरच्या, म्हणजे उच्च तापमानाला भाजून घट्ट केलेल्या मातीच्या, मगासाठी हे फार आहे. ते 3 टक्क्यांच्या आत असावे असा माझा आग्रह असतो. अशा वेळी ग्लेझ बदलण्याऐवजी माती तरी बदलावी, किंवा तिला झेपेल तेवढे तापमान तरी वाढवावे.

प्रश्न : वाडग्यांवर, विशेषतः कान जोडलेल्या जागी, ग्लेझ मागे सरकून गोळा होते आणि खालची माती उघडी पडते.

उत्तर : भट्टीत ठेवण्यापूर्वी ती जागा भिंगातून पाहावी. वाळलेल्या लेपावर सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा दिसल्या, तर दोष तेव्हाच झालेला आहे. वितळणारे ग्लेझ त्या भेगांपासून मागे सरकून कडेला गोळा होते, एवढेच. सांध्याच्या खोबणीत लेप जाड साचतो, म्हणून तो तेथेच आधी फुटतो. लेप पातळ द्यावा, आणि रेसिपीत कच्चे केओलिन (पांढरी चिनी माती) बरेच असेल, तर त्यातले निम्मे भाजलेले वापरावे. भाजल्यावर केओलिनचे वजन घटते, तेवढा हिशेब करावा. भेगा मुळीच नसतील, तर बिस्कवरची (ग्लेझ देण्यापूर्वी एकदा भाजलेल्या भांड्यावरची) धूळ किंवा हाताचा तेलकटपणा हे कारण समजावे. ओल्या स्पंजने पुसून भांडी वाळू दिल्यास काम भागते. हाताला क्रीम लावून बिस्क उचलणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत एक तरी असतो.

प्रश्न : आमची विजेची भट्टी पूर्वी नऊ तासांत तापत असे, आता चौदा तास घेते. वरच्या शेल्फवरचे ग्लेझ चकाकते, खालच्या शेल्फवरचे मात्र कोरडे राहते. रेसिपी तीच आहे.

उत्तर : तर मग रेसिपीला हात लावू नये. भट्टी तापवणाऱ्या तारांच्या कॉइल जुन्या झाल्या की त्यांचा रोध वाढतो आणि उष्णता घटते. व्होल्टेज कमी येत असेल, तर परिणाम त्याहून मोठा होतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 10 टक्के घटले, तर शक्ती जवळपास 19 टक्के घटते. मुख्य पुरवठा बंद करून जाणकार इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक कॉइलचा रोध मोजून घ्यावा, रिले (कॉइल चालू-बंद करणारे स्विच) तपासावेत आणि भट्टी चालू असताना तिच्यापर्यंत येणारे व्होल्टेजही त्याच्याकडूनच मोजून घ्यावे. खालचीच एखादी कॉइल तुटलेली किंवा तिचा रिले बिघडलेला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. कॉइल जुन्या झाल्या असतील, तर एकच न बदलता पूर्ण संच बदलावा.

तोपर्यंत कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नये. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमान मोजणारा संवेदक, फक्त आपल्या टोकाजवळचे तापमान सांगतो, आणि वापराने त्याचे वाचनही चुकू लागते. वर, मध्ये आणि खाली एकेक कोन, म्हणजे ठराविक उष्णतेला वाकणारा, क्रमांक दिलेला छोटा सुळका, ठेवावा. कोन 6 शेवटच्या टप्प्यात ताशी 60 अंशांनी तापवल्यास सुमारे 1222 अंश सेल्सिअसला वाकतो, पण भट्टी रेंगाळत चढली, तर त्याहून कमी तापमानालाही वाकतो, कारण कोन तापमानाबरोबर काळही मोजतो. खालचा कोन ताठ आणि वरचा लोळलेला आढळला, तर खाली भांडी दाटीने लावू नयेत आणि शेवटचे तापमान पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावे. फरक मिटणार नाही, पण कमी होईल.

प्रश्न : एक मोठी थाळी भट्टीतून दोन तुकड्यांत निघाली. कधी फुटली असेल?

उत्तर : फुटलेल्या कडेवरून बोट न फिरवता तिरप्या उजेडात ती पाहावी. ग्लेझची कड गोलावून तड्यात उतरली असेल, तर थाळी ग्लेझ वितळण्यापूर्वी, म्हणजे तापताना, फुटली. कड काचेसारखी धारदार असेल, तर ती थंड होताना फुटली. 573 अंशांना मातीतील क्वार्ट्झचे (स्फटिकरूप सिलिकाचे) आकारमान एकाएकी बदलते. थाळीचा मधला भाग शेल्फमुळे गरम आणि काठ गार असेल, तर या टप्प्यावर दोन्ही भाग एकाच वेळी आकसत नाहीत. थाळीखाली बारीक तीन-चार आधार देऊन हवा खेळती ठेवावी, आणि 650 ते 500 अंशांदरम्यान भट्टी ताशी 50 अंशांहून वेगाने उतरू देऊ नये. झडप तर त्या काळात बंदच असावी.