कोटा भारूला पहिल्यांदा जाताय ना, मग एवढं बघा

छान ठिकाण निवडलंत! मलेशियाचं मलय रूप बघायचं तर केलांतान राज्याच्या या राजधानीसारखं गाव नाही.

आधी वार बघा. तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, आणि नवखे लोक नेमके शुक्रवारी पोचतात आणि बंद दुकानं बघत फिरतात. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस झोडपतो, तेव्हा नकोच. रमझानमध्ये दिवसा जेवणाचे हाल होतात, पण संध्याकाळचे बाजार जबरदस्त.

सकाळी लवकर पासार सिती खदिजा हा शहरातला मोठा बाजार गाठा, विक्रेत्या बहुतेक बायकाच. थेट खरेदीला लागू नका, आधी वरच्या मजल्यावर जाऊन कठड्यावरून खाली बघा, मधल्या चौकात भाज्यांचे ढीग आणि त्यांच्या मधोमध बसलेल्या मावश्या, हे दृश्य चुकवायचं नाही म्हणजे नाही.

खायला नासी कराबू घ्याच, आपल्या गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला भात, वर बारीक चिरलेला कच्चा पाला, खोबरं, मासा. शाकाहारी असाल तर 'बुदू' नको म्हणून आधीच सांगा, ते आंबवलेल्या माशांचं पाणी असतं आणि न विचारता घालतात.

बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची, मोठी खरेदी पहिल्या दिवशी करू नका. कापड उलटं करून बघा, मागून रंग फिका दिसला तर बहुतेक छापील. शहराजवळच्या पनांबांग गावाकडे वर्कशॉप आहेत, तिथे गरम मेणाने रेघ ओढताना बघितलंत की किंमत आपोआप कळते. सोंगकेत (जरीचं विणलेलं कापड) आणि वाऊ या मलय पतंगांचं पुढच्या वेळी बघू.