‘नो ड्यूज व्हॉटसोएव्हर’ याचा नेमका अर्थ काय? ‘ॲट ऑल’पेक्षा त्यात वेगळं काय?

‘काहीएक’. म्हणजे सगळं मिळून ‘काहीएक येणं बाकी नाही’. खरेदीखतात असतं ना, ‘माझा काहीएक हक्क राहिला नाही’, तेच.

आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. 2009 च्या मार्चमध्ये थॉमसन जातीच्या द्राक्षांचा माल जागेवर एका व्यापाऱ्याला दिला. पहिल्या तोड्याचे पैसे रोख मिळाले. दुसऱ्या तोड्याचा 38 क्विंटल माल, 31 रुपये किलोने. आठ दिवसांनी देतो म्हणाला आणि एका इंग्रजी कागदावर अण्णांची सही मागितली. त्यावर हेच तीन शब्द. मी बारावीला होतो. डिक्शनरीत ‘जे काही’ असा अर्थ निघाला, तो वाक्यात बसेना. मी म्हटलं, अण्णा, थांबा. चुलतभाऊ नाशिकला इंग्रजी माध्यमात शिकलेला. तो म्हणाला, “शोभेला घालतात तो शब्द. पहिल्या तोड्याची पावती आहे ही, करा सही.” अण्णांनी त्याचं ऐकलं. 1,17,800 रुपये बुडाले. मागायला गेलं की व्यापारी तोच कागद पुढे धरायचा.

शोभेचा नाही तो शब्द. ‘जे काही’ हा जुना अर्थ. 1611 च्या इंग्रजी बायबलात ‘माणूस जे पेरतो तेच कापतो’ या वचनात तोच आहे. पण ‘नो’ किंवा ‘एनी’ लावलेल्या नामानंतर आला की नकाराला फटच ठेवत नाही. ‘नो डाउट व्हॉटसोएव्हर’ म्हणजे तिळमात्र शंका नाही. होकारी वाक्यात तो असा लावत नाहीत. ‘ॲट ऑल’ बोलण्यातलं, प्रश्नातही चालतं.

चुलतभाऊ अजून म्हणतो, एका शब्दाने काय होतं? होतं. तो शब्द अडला होता म्हणूनच मी थांबा म्हणालो होतो, आणि बारावीच्या पोराचं कुणी ऐकलं नाही.

आमचे वकील म्हणाले होते की नुसतं ‘नो ड्यूज’ असतं तरी ती सही भोवलीच असती, फक्त भांडायला थोडी जागा उरली असती. बोलताना कुणी ‘नो आयडिया व्हॉटसोएव्हर’ म्हणालं तर तो निव्वळ जोर, त्याला घाबरू नका.

कागदावर मात्र सही करण्याआधी त्याच ओळीत ‘पहिल्या तोड्यापुरते’ असं मराठीत लिहून घ्या, तारखेसकट. घरातला शिकलेला माणूस घाई करत असेल तरीही.