आधी पिंजरे मोज

अनेक आशीर्वाद.

मधुमेहाने मूत्रपिंड कसं बिघडतं हे उंदरांवर पाहण्यासाठी एनआयएचकडे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, पैसे मागणाऱ्या तुझ्या आर-०१ अर्जाचा मसुदा काल रात्री एका बैठकीत वाचून काढला. स्पेसिफिक एम्सचं, म्हणजे उद्दिष्टांचं, पान छान उतरलंय, त्याला मी हात लावलेला नाही. अडलो तो बजेटपाशी. वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे २५ हजारांचे दहा ठोकळे, पाच वर्षं. दहाच का, नऊ का नाहीत, असं कुणी विचारलं तर काय सांगशील? अशा ठोकळ्यांच्या, म्हणजे मॉड्युलर, बजेटची हीच गोची आहे. एनआयएच बाबवार हिशेब मागत नाही, म्हणून आपणही तो मांडत नाही. मग दुसऱ्या वर्षी ॲनिमल फॅसिलिटीचं बिल येतं आणि तोंडचं पाणी पळतं.

तर आधी उंदीर मोज. 'बीकेएस डीबी/डीबी, गटात १२ नर, पैदास आमच्याकडेच' असं तू सहज लिहून गेलायस. डीबी/डीबी म्हणजे डीबी जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेला, जन्मजात मधुमेही उंदीर; त्याला पिल्लं होत नाहीत. हेटेरोझायगस, म्हणजे एकच प्रत सदोष असलेल्या, उंदरांच्या जोड्या लावाव्या लागतात; चारांतलं एक पिल्लू मधुमेही, त्यातही निम्म्या माद्या. म्हणजे १२ नरांसाठी साधारण ९६ पिल्लं. तुझे मधुमेही गट दोन, तेव्हा १९२. एवढ्यांचं जीनोटायपिंग, म्हणजे जनुकांची तपासणी, आणि तोवरचा सांभाळ धरलास, की उंदीर पुरवणाऱ्या जॅक्सन लॅबोरेटरीचे तयार उंदीर महाग वाटेनासे होतात. पैदास करायचीच असेल तर माद्याही अभ्यासात घे. त्याच पिल्लांतून मिळतात, आणि २०१६ पासून 'फक्त नर का?' याचं सबळ कारण एनआयएचला द्यावंच लागतं.

आता पिंजरे. मधुमेही उंदीर मुततो किती, हे फॅसिलिटीत गेल्याशिवाय कळत नाही. आठवडाभर पुरणारा भुसा दोन दिवसांत चिंब, वास दारापर्यंत. पाचऐवजी दोन-तीनच उंदीर ठेवावे लागतात, म्हणजे पिंजरे दुप्पट. रोजचं भाडं पिंजऱ्यावर लागतं, उंदरावर नाही.

आणि काळ. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. माझ्या पहिल्या अर्जासाठी सी५७ब्लॅक/६ जातीच्या उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून मधुमेह आणणारं औषध) दिलं होतं, किलोला ५० मिलिग्रॅम, रोज एक असे पाच दिवस. दोनेक आठवड्यांत साखर चढली, ग्लुकोमीटर ६०० च्या पुढे जाऊन आकड्याऐवजी 'हाय' दाखवायला लागला आणि आम्ही लॅबमध्ये पिझ्झा मागवला. बारा आठवड्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की लघवीत उतरणारं प्रथिन, जेमतेम दुप्पट. पैसे बाराच आठवड्यांचे होते. ही जात मूत्रपिंडाच्या बाबतीत चिवट आहे. डीबीए/२ ही दुसरी जात लवकर बिघडते. अर्ज परत आला तेव्हा रिव्ह्यूअरचं म्हणणं थोडक्यात असं, की यात मधुमेह दिसतो, नेफ्रोपथी, म्हणजे मूत्रपिंडाचा विकार, दिसत नाही. राग आला, पण त्याचं बरोबर होतं. एनआयएचने २००१ मध्ये खास मधुमेहाच्या गुंतागुंती दाखवणाऱ्या प्राण्यांच्या मॉडेलांसाठी कन्सॉर्शियम (प्रयोगशाळांचा गट) उभा केला, त्याचा निकष कडक आहे: त्याच जातीच्या, वयाच्या, लिंगाच्या निरोगी उंदरापेक्षा अल्ब्युमिन दसपटीहून जास्त, आणि मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग उंदराच्या आयुष्यात निम्म्याहून जास्त घटलेला. सगळं बसणारं मॉडेल शोधून सापडत नाही. तुझं कुठे बसतं आणि कुठे नाही, ते रिव्ह्यूअरच्या आधी तूच लिही.

ईनॉस (रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करणारं एन्झाइम) नसलेले डीबी/डीबी घे, असं तुला कुणी तरी सुचवेलच. त्यांचं मूत्रपिंड खरंच बिघडतं. पण रक्तदाबही चढतो, मग नुकसान साखरेचं किती आणि दाबाचं किती, हे सोडवण्यासाठी आणखी एक गट आणि आणखी पिंजरे.

तिसऱ्या एममधला रेटिनोपथीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या विकाराचा, भाग सरळ काढ. उंदराला मॅक्युलाच (पडद्याचा तीक्ष्ण नजरेचा मधला भाग) नाही, आणि मधुमेही माणसाच्या डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात तशा त्याच्यात फुटत नाहीत. तिथले पैसे मूत्रपिंडाच्या उंदरांना आणखी तीन महिने जगवायला वापर.

सोबत कोरा तक्ता जोडलाय, आठवडे आडवे, पिंजरे उभे. कॉलनी बघणाऱ्या बाईंना सोबत घेऊन भर. मधेच मरणाऱ्या उंदरांचा त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोन कर, आकड्याचं तेव्हा बोलू.